बिबळ्याच्या अकरा काड्या

गोत्री, बडोदे
९ एप्रिल २०२५

मोहनामावशी,

कोल्हापूर मानवलं का, कंबर कशी आहे, हे आधी विचारायला हवं. विचारलं असं समज. खरं म्हणजे हे पत्र मी फेब्रुवारीपासून टाळतोय. एकदा बसलो तर पेन चालेना, म्हणून पेन आणायला निघालो तो पाणीगेटला काकाच्या दुकानात पोचलो आणि तिथेच जेवून झोपलो. एकदा पेन होतं, तर खाली दोन माणसं फ्रिज जिन्यातून चढवत होती आणि तो वळणावर अडकला होता. अशा वेळी माणूस पत्र लिहीत बसतो का? शेवटी एकदा तुझं नाव लिहिलं, आणि पुढचं वाक्य माहीत असून लिहवेना.

फोनवर तुला ऐकू येत नाही. व्हॉट्सॲप करावं तर ते देवश्रीताईच्या फोनवर, म्हणजे आधी ती वाचणार आणि "आईला आत्ता कशाला त्रास" म्हणून तिथल्या तिथे पुरून टाकणार. म्हणून कागदावर. घे.

बिबळ्याची रोपं गेली. अकराच्या अकरा.

मी पाणी घालत होतो, आईची शपथ. तू नोव्हेंबरात घर आणि गच्चीवरची रोपं माझ्यावर सोपवून गेलीस तेव्हा ती चांगली वीतभर होती. जानेवारीअखेर पानं पिवळी पडायला लागली. मग गळली. मग काड्या उरल्या, तपकिरी, वाळक्या. एकीला जरा वाकवून बघितलं तर कट्‌ करून मोडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पण मावशी, ती मेली नाहीत, मारली गेली. आणि कोणी, ते मला माहीत आहे. आपले सेक्रेटरी, धनाजीराव शिर्के. यांचे पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते म्हणे, आणि हे अजून लिफ्टमध्येही घोड्यावर बसल्यासारखे उभे असतात. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या जिजाबाईंच्या छताला ओल आली म्हणून जानेवारीत त्यांनी सगळी अगाशी ॲसिडने धुवून घेतली आणि वर पांढरा रंग फासला. ॲसिडचं पाणी वाहत कुठे गेलं? आपल्या पिशव्यांच्या बुडाशी. पंधरवड्यात पानं पिवळी. याला आणखी पुरावा काय पाहिजे?

मी गेलो विचारायला. म्हटलं, काका, तुमच्या ॲसिडनं रोपं जळली. तर दारातच उभे, दाढी अर्धी झालेली, म्हणतात, "अरे समर, ते तर क्यारनं सुकून गेलंय. काड्या छे काड्या. मोहनाताई येतील तेव्हा बीजां लावतील, एमां शुं?"

एमां शुं. म्हणजे दुसरी लावतील, त्यात काय मोठंसं. बियाणं जणू किराणा दुकानात मिळतं.

मावशी, तू विसरली नसशील, पण मला ते रोज दिसतं. आपण दोघं स्कूटरवर छोटाउदेपूरच्या बाजूला गेलो होतो आणि वळणावर तो एकटा उभा होता. खाली शेंगांचा खच पडलेला, पापडासारख्या गोल, मधोमध फुगीर. तू म्हणालीस, या भागात एवढा जुना बिबळा मला दुसरा दिसलेला नाही. पोतंभर शेंगा आणल्या आपण. नखं कापायच्या कात्रीनं मी त्यांच्या कडा कापल्या, बोटाला फोड आली, तू शेणकाल्यात भिजत घातल्या आणि म्हणालीस, पोत्यातून पाच-पंचवीस उगवले तरी खूप. उगवले सतरा, जगले अकरा. तोवर रस्ता रुंद करायला झाड कापलेलं होतं. आपण पुन्हा गेलो तेव्हा बुंध्यातून लाल गळत होतं, रक्तच जणू, आणि तो कंत्राटदाराचा माणूस त्या लालावर पाय ठेवून फोनवर बोलत होता. तू एक शब्द बोलली नाहीस. परतीच्या वाटेवर मात्र रागानं दोन प्लेट शेव-उसळ खाल्लीस आणि तिसरी मला खायला लावलीस.

त्या झाडाचं जगात एवढंच उरलं होतं. अकरा पिशव्या. आणि हा माणूस म्हणतो, एमां शुं.

आणखी ऐक. साखर उतरते म्हणून धनाजीराव रोज सकाळी लाकडी पेल्यात रात्रीचं शिळं पाणी पितात. तो पेला कशाचा असतो ते तू मला शिकवलंयस. बिबळ्याचा. म्हणजे आई कापून तिचा पेला केला, त्यातलं पाणी हे पिणार, आणि वर अगाशीत तिची पोरं जाळणार. त्यांची संयोगिता तुझ्याच कोल्हापुरात दिलीय ना, कुठे भेटली तर सांग तिला, बाप काय करतो ते.

मी हे सोडणार नाही. बी.कॉम. सोडलं, कुरिअरची नोकरी सोडली, गरब्याचं साउंड सोडलं, ते वेगळं. हे सोडणार नाही.

तुझा
समर

---

कोल्हापूर
१७ एप्रिल २०२५

चि. समरजित,

आशीर्वाद. तुला रोपं राखायला ठेवलं होतं, त्यांचं सुतक पाळायला नव्हे.

ती मेलेली नाहीत. नीट वाच, आणि वाचताना फ्रिज चढवणारी माणसं आली तरी उठू नकोस.

बिबळा लहानपणी दर वर्षी वरून मरतो. थंडी सरली की पानं टाकतो, काडी वाळते, तू म्हणतोस तशी कट्‌ करून मोडतेही. पण तो खाली जागा असतो. मुळात साठवून ठेवलेलं असतं त्यावर उन्हाळा काढतो आणि मे-जूनमध्ये बुडापासून नवा फुटवा काढतो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. जंगलात वरून वणवा, वरून शेळ्या, वरून ऊन. अशा ठिकाणी वर दिसण्याची घाई करणारा टिकत नाही. काही वर्षं मूळ जाडजूड करून घेतो, आणि मग एका पावसाळ्यात जो वर जातो तो थांबत नाही. त्या वळणावरचा म्हातारा लहानपणी कितीदा मेला असेल, कोण जाणे.

हे मी जाताना तुला सांगायला हवं होतं. शाळेत आयुष्य गेलं, पोरांना आधीच माहीत आहे असं धरायचं नाही, एवढं शिकले होते. तुझ्या बाबतीत धरून चालले, कारण तू शेंगा इतक्या निगुतीनं कापल्या होत्यास.

आता करायचं ते एवढंच. पिशव्या माझ्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत सावलीला आण. आठवड्यातून दोनदा वाटीभर पाणी. काडी जिथे मातीत शिरते तिथे नखानं हलकेच खरवड. आत ओलसर हिरवट दिसलं की नख मागे घे आणि पुन्हा हात लावू नकोस. तुझं मन रमावं म्हणून रोज खरवडशील, म्हणून सांगते.

धनाजीरावांच्या ॲसिडनं काहीही झालेलं नाही. त्यांच्यावर माझाही राग आहे. ज्या माणसानं फाटकाशी असलेला कडुनिंब "पाला पडतो" म्हणून छाटून खांब केला, त्याच्यावर मी मरेपर्यंत रागावणार. पण तो राग माझा आहे, जुना आहे, आणि तो मी सांभाळते. तू त्यात पडू नकोस. शिवाय (हे त्यांना सांगायचं नाही) जिजाबाईंच्या छताची ओल माझ्याच पिशव्यांमुळे आली होती. मला ठाऊक होतं. मी म्हणत राहिले की सोसायटीच्या टाकीतून गळतं.

इथलं काय सांगू. देवश्रीनं माझ्या खोलीत प्लास्टिकची वेल आणून टांगली आहे. म्हणते, आई, पाणी घालायला नको, वाकायला नको. डॉक्टर म्हणतात जिने उतरायचे नाहीत. दोघं मिळून मला त्या वेलीसारखं करून ठेवणार आहेत, धूळ पुसली की झालं.

घाईचं काही नाही, रोपं आपली झोपलेली आहेत, म्हणून हे साध्या टपालानं टाकते.

तुझी
मोहनामावशी

---

गोत्री, बडोदे
२१ एप्रिल २०२५

मावशी,

तुझं उत्तर अजून नाही. रागावली असशील. रागाव, पण काल काय झालं ते वाचून तुझा राग अर्धा तरी दुसऱ्या मजल्यावरच्या धनाजीरावांवर जाईल.

आधी मी धनाजीरावांकडे लेखी मागणी केली, की सोसायटीनं चूक कबूल करावी. त्यांनी काय करावं? नोटीस बोर्डावर कागद लावला. 'अगाशी ऊपरनो नकामो सामान रविवार सुधी हटाववो.' नकामो सामान, म्हणजे टाकाऊ, म्हणजे आपला बिबळा. आणि त्याच्याच खाली दुसरा कागद, पाच जूनला पर्यावरण दिन, फाटकाशी दहा पामच्या कुंड्या, फोटोसाठी सगळ्यांनी हिरवे कपडे घालावे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अलकापुरीत बघ, रस्त्याच्या मधोमध त्या परदेशी झाडांच्या कापून चौकोनी केलेल्या भिंती, त्यांच्यावर पाखरू बसत नाही, त्यांना टँकरनं पाणी. आणि जे झाड इथल्या जंगलात वाढलं ते नकामो सामान. हिरवे कपडे म्हणे.

मग मी बेसणुं ठेवलं.

हसू नकोस. इथे कोणी गेलं की गुजराती घरात दुखवट्याला बसतात तसं, रविवारी सकाळी, खाली लॉबीत. पांढरी चादर अंथरली (तुझी, कपाटातली, धुवून ठेवीन), त्यावर अकरा पिशव्या ओळीनं मांडल्या, झेंडूचा एक हार अकरांना मिळून, उदबत्ती, आणि पाटी: 'छोटाउदेपूरच्या बिबळ्याची अकरा बाळं. मारेकरी दुसऱ्या मजल्यावर. बेसणुं सकाळी आठ ते दहा.'

मावशी, लोक आले. मला वाटलं होतं हसतील. पहिल्या मजल्यावरच्या पटेलमासी लिफ्टमधून पांढरा साडला नेसूनच उतरल्या, कारण त्यांना वरून फक्त चादर आणि उदबत्ती दिसली होती. हात जोडून बसल्या आणि हळूच मला विचारलं, "बेटा, कोण गुजरी गया?" मी पिशव्या दाखवल्या. त्यांनी काड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बेठी छुं तो हवे पांच मिनिट बेसुं." त्यांना पाहून आणखी तिघी बसल्या. एकीनं तर डोळे पुसले, ते उदबत्तीच्या धुरानं असेल.

मग धनाजीराव आले. हातात तोच पेला, सकाळचं पाणी संपत आलेलं. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग वाकून एका पिशवीवरची चिठ्ठी बघितली, ती तुझी इंग्रजीतली, जी मलाही वाचता येत नाही. मला म्हणाले, "समर, हे बिबळो छे?" मी म्हटलं, होता. त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं, तो धोतरावर पुसावा तसा सदऱ्यावर पुसला, आणि वर निघून गेले. चोरी पकडली की माणूस असाच काढता पाय घेतो.

दहाला बेसणुं उठलं. मी अकराच्या अकरा पिशव्या त्यांच्या दाराशी नेऊन ठेवल्या, बेल वाजवली आणि दाराबाहेरून सांगितलं, "काका, मढी तुमची. आता तुम्हीच उचला." सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं, सरळ शब्दांत, खुनी म्हणून. देवश्रीताई त्या ग्रुपवर आहे, तिनं वाचलं असेलच. सकाळी बघितलं तर दारातल्या पिशव्या गेल्या होत्या. कचऱ्याच्या गाडीत घातल्या असणार. जाऊ दे, मेलेल्याला काय.

आता मला इथे राहवत नाही. उद्या कच्छला निघतोय. मित्राचं लग्नांचं साउंड आहे, भुजपासून पुढे कुठे कुठे, महिनाभर तरी. गॅसची बाटली बंद केली आहे, किल्ली जिजाबाईंकडे.

तुझ्यासाठी लढलो, एवढं लक्षात ठेव.

समर

---

कोल्हापूर
२८ एप्रिल २०२५

समरजित,

या वेळी चिरंजीव लिहीत नाही.

माझं पत्र तुला मिळालं असेल तर हे वाचायची गरज नाही, कारण तू आत्तापर्यंत कचऱ्याच्या ढिगात हात घालून उभा असशील. मिळालं नसेल तर ऐक. रोपं जिवंत आहेत. जिवंत होती. तू जिवंत पोरांना हार घातलास, त्यांच्यासमोर उदबत्ती लावलीस आणि परक्याच्या दारात टाकून लग्नात ढोल वाजवायला गेलास.

देवश्री तुला दिवसातून पाचदा फोन लावते. बंद. भुजला तुझ्या त्या मित्राचं नाव काय, नंबर काय, कोणाला माहीत नाही. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, तो सांगतो तिथे कधी नसतोच. धनाजीरावांना लावला तर ते आपल्या घरातल्या कोणाचा फोन घेत नाहीत. बरोबर आहे. तू भर ग्रुपवर त्यांना खुनी म्हटलंस. मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतला नसता. जिजाबाई म्हणतात धनाजीरावांचंही दार बंद दिसतं.

माझा संताप कोणावर आहे ते मलाच ठरवता येत नाही. तुझ्यावर आहे, पण तू रागावलास त्या प्रत्येक गोष्टीवर मीही रागावते. पाम, हिरवे कपडे, लालावर पाय ठेवून उभा असलेला तो माणूस. तू फक्त ज्या एका गोष्टीसाठी रागावलास तीच रागाच्या भरात टाकून दिलीस. आणि माझ्यावर आहे, कारण त्या चिठ्ठ्यांवर मी लॅटिन लिहून ठेवलं. कुणासाठी? अगाशीवर कोणता शास्त्रज्ञ येणार होता? साधं 'बिबळा, उन्हाळ्यात वाळतो, फेकू नये' एवढं लिहिलं असतं तर झाडूवाल्यानंही जपलं असतं.

हे स्पीड पोस्टनं पाठवते. ज्या दिवशी वाचशील त्याच दिवशी शोधायला लाग. कुठे टाकल्या, कोणत्या गाडीत, कोणी उचलल्या. पिशवी फाटली तरी चालेल, मूळ मातीत असेल तर तो तग धरतो.

मोहनामावशी

---

गोत्री, बडोदे
१७ मे २०२५

मावशी,

फोन रापरजवळ टँकरच्या हौदात पडला, त्याची कथा मोठी आहे, ती नको. काल सकाळी पोचलो. दाराखालून तुझी दोन्ही पत्रं सरकवलेली होती. आधी दुसरं उघडलं, मग पहिलं. म्हणजे शिव्या आधी, कारण नंतर. पहिलं वाचून संपल्यावर मी दुसरं पुन्हा वाचलं, आणि तेव्हा ते मला कमीच वाटलं.

मी चहासुद्धा घेतला नाही. सरळ दुसऱ्या मजल्यावर. कुलूप. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "शिर्केसाहेब तो गाम गया." कोणत्या गावाला ते त्याला ठाऊक नाही. पिशव्यांचं विचारलं तर म्हणाला, साहेबांनी त्या कचऱ्यात टाकल्या नाहीत, पोत्यात भरल्या, स्वतः, आणि पोतं गाडीच्या डिकीत घातलं. त्याला म्हणाले होते, हात लावू नको.

डिकीत पोतं घालून माणूस बडोद्यात कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. घरं पाडलेल्याचा राडारोडा, जुन्या गाद्या, गणपतीचे मोडके पाट, सगळं विश्वामित्री नदीच्या काठाला. मी सायकल काढली आणि पुलापासून सुरुवात केली. मावशी, मी तीन पुलांमधला काठ पायी तुडवला. तिथे काय काय आहे. एक अख्खं बेसिन, आरशासकट. लग्नातल्या खुर्चीचे सोनेरी पाय. एका गृहप्रकल्पाची पाटी, 'निसर्गाच्या कुशीत', तिच्यावर शेवाळ आलेलं. एवढं सगळं नदीत टाकणाऱ्याला कोणी खुनी म्हणत नाही, कारण त्यात नाव कुणाचं घ्यायचं तेच कळत नाही. मी म्हटलं धनाजीरावांना, कारण ते जवळ राहतात आणि मला त्यांच्या मजल्याचा नंबर माहीत होता.

दुसऱ्या पुलाखाली मला काळं पोतं दिसलं. पळत उतरलो. पोत्याच्या पलीकडे चार हातांवर मगर ऊन खात पडली होती, तोंड उघडं ठेवून. मी थांबलो. तिनं काही केलं नाही, फक्त होती. काठावरून एक भाजीवाला ओरडला, "ए भाई, एने कंटाळो आवे छे, तने खाशे नहीं, पण पाछो आव." मी मागे न फिरता काठीनं पोतं ओढलं. आत सिमेंट होतं, दगड झालेलं.

आज छोटाउदेपूरच्या वळणावरही जाऊन आलो. म्हटलं एखादी शेंग, मातीत दडलेली. काही नाही. बुंधाही उपटून नेलाय. रस्ता तिथे इतका गुळगुळीत आहे की उभं कुठे राहायचं कळेना. त्या जागी एक कुंडी आहे, कुंडीत पाम.

मला रडू आलं नाही, राग आला, आणि राग आल्यावर मी नेहमी कुठेतरी निघतो. बसस्टँडवर जाऊन उभाही राहिलो. दोन बसेस गेल्या. मग घरी आलो आणि तुझ्या गॅलरीत बसून हे लिहितोय. धनाजीराव येईपर्यंत मी इथून हलणार नाही. येतील तेव्हा पाया पडीन, जिजाबाईंच्या छताचा खर्च मी देईन, ग्रुपवर माफी लिहीन, ते म्हणतील ते करीन, फक्त पोतं कुठे रिकामं केलंत ते सांगा म्हणेन. तुझी ती ओल मी कोणाला सांगितलेली नाही.

चादर धुवून ठेवली आहे. उदबत्तीनं एका ठिकाणी भोक पडलंय.

समर

---

कोल्हापूर
२७ मे २०२५

चि. समर,

तुझं पत्र काल आलं. चादरीचं भोक राहू दे.

मगरीच्या काठावर उतरलास ते तुझ्या आईला सांगणार नाही. पण वाचताना मी 'अगं बाई' म्हणून ओरडले आणि देवश्री पाणी घेऊन धावत आली, त्यामुळे आता तीही तुझं पत्र वाचून बसली आहे. ती तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त रागावली आहे. मला म्हणते (म्हणजे पाटीवर लिहिते, माझ्याशी बोलायला तिनं शाळेची पाटी आणली आहे), "आई, त्या काड्यांसाठी तू रात्रभर जागतेस आणि माझ्या घरात आल्यापासून एकदाही हसली नाहीस." मी म्हटलं, "तुझी वेल काढ, मग हसते." तिनं काढली नाही, पण तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिली. तिला हसू आवरत नव्हतं, पाठीवरून कळत होतं.

तू हलणार नाहीस असं लिहिलंस. ते वाक्य मी अधोरेखित केलं आहे. मोडलंस तर पुढच्या पत्रात परत पाठवीन.

आता पुढचं. अकरा गेली असं धरून चालू. राजपिपळ्याच्या डोंगरात आतल्या बाजूला एखादं जुनं झाड असेल, फेब्रुवारीत शेंगा धरतील. मला जमलं तर मी येईन, नाही तर तू एकटा जा, पण पोत्याऐवजी कापडी पिशवी ने, हवा लागते. ती नवी रोपं त्या वळणावरच्या झाडाची नसतील. ते गेलं ते गेलं. ते कापून पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मी तिथे काही बोलले नाही, शेव-उसळ खाल्ली. तू निदान बेसणुं तरी ठेवलंस. पटेलमासी बसल्या ना पाच मिनिटं. माझ्यासाठी तेवढंही कोणी

थांब. देवश्री पाटी घेऊन आली आहे. तिच्या अक्षराचं नेहमीप्रमाणे काही कळत नाही. 'खाली कोणी तरी म्हातारे. रिक्षा. बडोद्याचे.'

पुन्हा लिहून आणलं. 'धनाजीराव शिर्के. लेकीकडे, संयोगिताकडे, महिनाभर आहेत. आपला पत्ता जिजाबाईंकडून घेतला. तुझ्याशीच बोलायचंय, दुसऱ्या कोणाशी नाही. फार चिडलेत.'

चिडायला हवेतच.

मी खिडकीशी आले आहे. पत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिते. खरंच तेच आहेत, उन्हात, घोड्यावर बसल्यासारखे ताठ, रिक्षावाल्याला दटावत आहेत की पोतं आडवं करू नको. ते काय म्हणतायत मला ऐकू येत नाही, देवश्री वरून ऐकून लिहिते. 'म्हणतात, त्या पोरानं मला खुनी म्हटलं. म्हणतात, मी एकही मारलं नाही, रोज पाणी घातलं, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. रेल्वेत मांडीवर घेऊन आणलं. म्हणतात, मोहनाताईंनी स्वतः बघावं आणि लिहून द्यावं.'

समर, त्यांच्या एका हातात पोत्याचं तोंड आहे आणि दुसऱ्या हातात तो लाकडी पेला. पोत्यातून काड्या वर आल्या आहेत. मोजता येत नाहीत. एकीच्या बुडाशी काहीतरी हिरवं आहे, की माझ्या चष्म्याला डाग आहे, ते इथून सांगता येणार नाही.

देवश्री जिन्यात आडवी उभी राहिली आहे. तिला हातानं बाजूला करते आणि खाली जाते.